२०२४चे डी अँड डी नियम, जुन्या कॅरेक्टर्ससोबत: नऊ महिने वापरल्यावर

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग खेळाच्या २०२४च्या नव्या नियमपुस्तकांवरची बरीच मतं पुस्तक हाती पडल्याच्या आठवड्यातली आहेत. हे नऊ महिन्यांनंतरचं. टेबल नागपूरच्या धरमपेठेतलं, रविवार दुपारचं: एक डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर), चार खेळाडू, त्यातल्या दोघांची कॅरेक्टर्स २०१४च्या प्लेयर्स हँडबुकमधून, म्हणजे जुन्या नियमांतून आलेली.

नवे नियम खेळायला बरे आहेत, हे आधी सांगून टाकू. भांडणं होतात, पण नव्या गोष्टींवरून नाही. वेपन मास्टरी, म्हणजे हत्यारागणिक मिळणारा खास परिणाम, पूर्ण नवीन आहे. मॉलने (मोठ्या हातोड्याने) फटका लागला की टॉपल, म्हणजे समोरच्याला आडवं पाडायची संधी, ग्रेटसोर्ड हुकली तरी ग्रेझचं थोडं डॅमेज. त्यावरून कुणी आवाज चढवत नाही, कारण ते आपल्याला आधीपासून येतं असं कुणालाच वाटत नाही. पेटतं ते नाव तेच आणि आतला माल बदललेला, अशा नियमांवरून.

सरप्राइज घ्या. २०१४मध्ये गाफील सापडलेल्याचा पहिला टर्न वाया जायचा: ना हालचाल, ना ॲक्शन. आता त्याला फक्त इनिशिएटिव्हला (कुणाचा टर्न आधी, ते ठरवणाऱ्या रोलला) डिसॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. फासा चांगला पडला तर तोच आधी मारतो, आणि टेबलावर हमखास ऐकू येतं, "अबे, सरप्राइज झाला ना तो, मंग त्याचा टर्न कायचा?" एक्झॉशनचंही (थकव्याच्या लेव्हल्सचं) तसंच. जुना सहा पायऱ्यांचा तक्ता गेला. आता प्रत्येक लेव्हलला डी२०च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) रोलमधून २ वजा आणि स्पीड ५ फूट कमी. सहाव्याला मरण, तेवढं कायम. हा बदल मात्र निखालस चांगला. तक्ता शोधत पानं उलटणं संपलं.

पॅलाडिन (देवाचा योद्धा) हा क्लास घेतलेला खेळाडू सगळ्यात जास्त कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर हिशोबाला धरून आहे. पाचव्या लेव्हलचा जुना पॅलाडिन एकाच टर्नमध्ये दोन्ही फटक्यांवर डिव्हाइन स्माइटसाठी दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट (मंत्रांसाठीचा मोजका साठा) ओतायचा, म्हणजे वरचे ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे) आणि पुन्हा ३डी८. आता डिव्हाइन स्माइट हा स्पेल, म्हणजे मंत्र आहे, फटका लागल्यावर लगेच बोनस ॲक्शनने टाकायचा. म्हणजे टर्नला एकदाच, आणि स्पेल असल्यामुळे समोरचा त्यावर काउंटरस्पेलही (मंत्र हाणून पाडणारा मंत्र) मारू शकतो. बदल्यात एका लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एक स्माइट बिनस्लॉटचं मिळतं, शिवाय ले ऑन हँड्स (हात ठेवून बरं करणं) बोनस ॲक्शनवर आलं. पण हीलिंग पोशन पिणंही आता बोनस ॲक्शनच. एक बोनस ॲक्शन आणि तिच्यावर टपलेले तिघं, त्यामुळे या खेळाडूचा टर्न विचार करण्यातच जातो.

जुनं कॅरेक्टर नव्यात आणताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन्हीकडून बोनस घेणं. २०१४मध्ये ताकद, चपळाई अशा स्कोअरची वाढ रेसमधून (एल्फ, ड्वार्फ वगैरे) यायची, आता बॅकग्राउंडमधून (कॅरेक्टरचा पूर्वीचा धंदा) येते. जुनी रेस ठेवायची तर तिची वाढ खोडा. पॉइंट बायमध्ये (ठरावीक गुण वाटून स्कोअर ठरवताना) १५ वर २ मिळून १७ ही मर्यादा असते; पहिल्याच लेव्हलच्या शीटवर १९ दिसले की समजायचं, दोनदा मोजलंय. जुनं बॅकग्राउंड असेल तर एका स्कोअरला २ आणि दुसऱ्याला १, किंवा तिघांना १-१ द्या, आणि सोबत एक ओरिजिन फीट (सुरुवातीला मिळणारं खास कौशल्य). जुन्या सबक्लासच्या (क्लासमधल्या उपशाखेच्या) ज्या गोष्टी पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला मिळत होत्या, त्या आता तिसरीला.

डीएमसाठी खरा खड्डा एन्काउंटरच्या, म्हणजे मारामारी किती अवघड ते ठरवायच्या गणितात आहे. पहिल्या लेव्हलचे चार जण, समोर चार लांडगे. लांडग्याचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण), चौघांचे २००. जुन्या पद्धतीत तीन ते सहा शत्रू असले की बेरीज दुप्पट धरायची, म्हणजे ४००. डेडलीची, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीची रेषा माणशी १००, म्हणजे चौघांना नेमकी ४००. नव्या डंजन मास्टर्स गाइडने तो गुणक काढून टाकला, आणि 'लो'चं (सगळ्यात सोप्या पातळीचं) बजेट ठेवलं माणशी ५०. म्हणजे तीच मारामारी जुन्या पुस्तकात डेडली आणि नव्यात लो! वर लांडग्याचा चावा लागला की मीडियम किंवा त्याहून लहान कॅरेक्टर थेट आडवं. पूर्वी डीसी ११चा स्ट्रेंग्थ सेव्ह, म्हणजे फाशावर ११ आणून वाचायची संधी तरी मिळायची. चाव्याचं डॅमेज थोडं उतरवलंय, आणि पॅक टॅक्टिक्समुळे (कळपाने लढण्यामुळे) ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा, त्यांना तसाही असतो. जीव जातो तो उठण्यात अर्धा स्पीड खर्ची पडल्यामुळे. विझार्डला पळताच येत नाही. पहिल्या दोन लेव्हल्स शत्रू खेळाडूंपेक्षा कमीच ठेवा, गणित काहीही म्हणो.

२००३ला याच खेळाची ३.५ आवृत्ती आली तेव्हाही असंच अर्धवट पाऊल होतं. २००८ची चौथी आवृत्ती इतकी वेगळी होती की जुन्या शीट्स चालवायचा प्रश्नच नव्हता; नाराज लोक सरळ ३.५ला धरून राहिले, आणि बरेच जण २००९मध्ये पाथफाइंडर या ३.५वर बेतलेल्या खेळाकडे गेले. एका टेबलावर दोन आवृत्त्या कालवायची डोकेदुखी तेव्हा कमी होती.

पुस्तकं महाग, म्हणून एक सोय. एसआरडी ५.२, म्हणजे मूळ नियमांचा अधिकृत संच, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे, छापायला आडकाठी नाही. बाराही क्लास आहेत, पण प्रत्येकी एकच सबक्लास, आणि बॅकग्राउंड्स चारच. सगळं छापू नका. फक्त रूल्स ग्लॉसरी (नियमांची शब्दसूची) दोन्ही बाजूंनी, दोन प्रती, बर्डीवरून स्पायरल करून आणा आणि एक प्रत कायम जुन्या नियमवाल्यांच्या हातात द्या. कुलरच्या झोतासमोर ती ठेवू नका, पानं पापडासारखी वाकतात. नकाशा काढायच्या व्हिनाइल मॅटवरची वेट-इरेज शाईही त्या दमट हवेत फरफटते. आणि मे महिन्यात रात्रभर तशीच राहिली तर लाल रंग उठत नाही. त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा.

एक तंटा नऊ महिन्यांत सुटलेला नाही: हाइड, म्हणजे लपणं. स्टेल्थच्या रोलला १५ आले की इन्व्हिजिबल (अदृश्य) कंडिशन मिळते, आणि शत्रूने "शोधलं" की जाते. रोग (चोरट्या चालीचा क्लास) खांबाआडून उजेडात, शत्रूच्या डोळ्यांसमोर आला, तर तो सापडला का, की शत्रूने आधी सर्च ॲक्शन घ्यायची? दोन्ही वाचनं पुस्तकातून निघतात. सध्याचा तह असा: उजेडात, आडोशाशिवाय टर्न संपला तर सापडला, त्याआधी फटका मारला तर ॲडव्हांटेज त्याचा. रोगवाल्याला हे मान्य नाही.