रात्रीच्या पानावर हरवणारा अनुस्वार : एका वाचन-अ‍ॅपचा अनुभव

ठाणे-नेरूळ लोकलमध्ये जाता-येता मी मोबाइलवर शासन निर्णय आणि विभागीय परीक्षेच्या नोट्स वाचते. त्यासाठी वर्गणी भरून घेतलेल्या वाचन-अ‍ॅपचा हा चार महिन्यांचा अनुभव आहे. अ‍ॅपचे नाव देत नाही, कारण हीच रंगयोजना मी आणखी दोन अ‍ॅपमध्ये पाहिली आहे.

पांढऱ्या पानावर अ‍ॅप उत्तम चालते. काळ्या अक्षरांमागे पिवळा पट्टा उमटतो, आणि सकाळी ऐरोलीनंतर पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर आले तरी खूण केलेली ओळ चटकन सापडते.

खरी अडचण रात्रीच्या डार्क मोडमध्ये येते. तेव्हा पान काळे आणि अक्षरे पांढरी होतात, पट्टा मात्र भडक पिवळाच राहतो. वेबसाठी मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर ते २१ : १ भरते, भडक पिवळ्यावर पांढरे असेल तर जेमतेम १.१ : १. म्हणजे महत्त्वाची म्हणून मी जी ओळ निवडते, नेमकी तीच वाचता येत नाही.

देवनागरीत हे अधिक बाधते, कारण शिरोरेषेवरचा एक ठिपका अर्थ बदलतो. एका निर्णयातले ‘जिल्ह्यांत’ मी पिवळ्या पट्ट्यात ‘जिल्ह्यात’ असे वाचले आणि अनेक जिल्ह्यांची तरतूद एकाच जिल्ह्याची समजून टिपण तयार केले. सकाळी कार्यालयात छापील प्रत समोर आली तेव्हा ते सगळे पुन्हा लिहावे लागले.

सराव-प्रश्नांत बरोबर उत्तर हिरवे आणि चुकीचे लाल दिसते, सोबत कोणतेही चिन्ह नसते. माझ्या धाकट्या भावाला हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे तो निकाल मला विचारतो. एवढ्यासाठी त्याला कोणाची मदत लागावी, हे मला मान्य नाही.

सध्या मी रात्रीही फिकट बदामी पान आणि कमी ब्राइटनेस ठेवते. डार्क मोडमध्ये पट्ट्यावरचे अक्षर काळे करावे किंवा पट्ट्याऐवजी अधोरेखनाची सोय द्यावी, असे मी कंपनीला कळवले आहे. तूर्त पाचपैकी तीन तारे देते. ही दुरुस्ती होईपर्यंत वर्गणीचे नूतनीकरण करणार नाही.