गोदावरी पाहायची तर नाशिक की पैठण?

सुट्टी थोडी, म्हणून मैत्रीण विचारत होती: कुठे जाऊ?

नदी म्हणाल तर त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम आहे, पण पायऱ्यांची चढण दमवते. पैठणला जायकवाडी धरणामागे तीच गोदा नाथसागर होऊन पसरते. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही येतात.

इतिहासात माझा कौल नाशिकला. पैठण ही सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. पण त्या काळाचं डोळ्यांना दिसेल असं तिथे फार उरलेलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत मात्र गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम कोरून घेतलाय. एका आईचा हा लेख प्रत्यक्ष पाहावाच. पैठणचा ठेवा म्हणजे संत एकनाथ.

गर्दी रामकुंडावर जास्त. पैठण नाथषष्ठी सोडली तर निवांत.

लेणी आणि डोंगर चढायची तयारी असेल तर नाशिक. आई-वडील सोबत असतील तर पैठण.