बास गिटारची सर्व्हिसिंग: ८,१५० रुपये गेले, तारांचा आवाज पकडणारे पिकअपही गेले

लिहायला लाज वाटते, तरी लिहितोय. अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात बास वाजवतोय. पारोळा, एरंडोल, चोपडा. लग्नसराईत तारीख रिकामी जात नाही. मी फसलो, तर नवीन पोरांचं काय?

मे महिन्यात उघड्या मांडवात वाजवून बासची पार दशा झाली होती. घामाने तारा खरखरीत, फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडेला काळा मळ. एरवी मी घरीच साफ करतो. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने तारा खालूनही पुसायच्या, एवढं केलं तरी पुष्कळ होतं. पण लागोपाठ तारखा होत्या आणि मोबाइलवर जाहिरात दिसली, 'घरून नेऊ, घरपोच देऊ'. १,८०० आगाऊ भरले. मग दुकानवाल्याचा फोन आला, ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली सळई) तुटलाय, ३,५००. मग तारांच्या खुंट्या बदलायच्या, २,२००. वाहतुकीचे ६५०.

तिसऱ्या दिवशीच कळायला हवं होतं. दुकानवाला म्हणाला, "दादा, फिंगरबोर्डला लेमन ऑइल लावून रात्रभर मुरवत ठेवलंय." फिंगरबोर्ड म्हणजे बोटं दाबतो ती मानेवरची पट्टी; माझी मेपलच्या लाकडाची, वर लॅकर मारलेलं. त्यात तेल मुरणार कुठे? तेल लागतं ते रोजवूडसारख्या उघड्या लाकडाला, तेही थेंबभर, आणि लगेच पुसून घ्यायचं. हे मी स्वतः पोरांना शिकवतो! आणि मी काय म्हणालो? "हो हो, करा." त्याने पाठवलेल्या फोटोत स्टील वूलने फ्रेट घासणं चालू होतं, पिकअपवर साधी टेपसुद्धा नाही. लोखंडाचा कीस थेट चुंबकावर जाऊन बसतो. तेही दिसलं होतं मला. पण त्या संध्याकाळी हळद होती, साउंड चेक चालू होता, आणि तो बोलायचा अगदी मुरलेल्या कारागिरासारखा.

बास परत आला तर आवाज पातळ. कंट्रोलची पाटी उघडली. माझ्या जुन्या पिकअपच्या वायरींना कापडी वेष्टन होतं. इथे प्लास्टिकच्या वायरी आणि सोल्डरचे नवे चकचकीत डाग. ट्रस रॉडच्या नटावर मात्र माझ्याच पान्याचा जुना ओरखडा जसाच्या तसा. हातही लावला नव्हता.

बास कोणाकडेही द्या, आधी ही पाटी उघडून आतले फोटो काढा.

ठाण्यात गेलो तर, "काय भो, वाजंत्रीच्या सामानासाठी गुन्हा नोंदवायचा?" वर म्हणे, दुकान ज्या जिल्ह्यात आहे तिकडे जा. तिकडे फोन केला, तर राहता तिथे तक्रार द्या. गुन्हा कुठेही घडो, फिर्याद घ्यावीच लागते, नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मध्ये लिहिलंय. मी मोबाइलवर उघडून दाखवलं. साहेब जेवायला गेलेत म्हणाले. दोन तास बाकावर बसलो, चार चकरा मारल्या, हाती पोचसुद्धा नाही. ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला. पैसे तुम्हीच पाठवलेत ना, हाच प्रश्न तीनदा. तिथे फोन करायचा तर पहिल्या तासात करा. मी नऊ दिवसांनी केला.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. आपण राहतो त्याच जिल्ह्यात टाकता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही. सगळ्या पावत्यांचे स्क्रीनशॉट जोडलेत. तारीख लागायची आहे. गुरुवारी चोपड्याला लग्न आहे, मित्राचा बास मागून नेतोय.