पायथागोरसचे प्रमेय की टॅन गुणोत्तर?

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू प्रत्यक्ष मोजता येत असतील, तर पायथागोरसचे प्रमेयच वापरावे. 5 मीटर लांबीच्या शिडीचा पाय भिंतीपासून 3 मीटरवर असेल, तर 25 मधून 9 वजा करून वर्गमूळ काढताच शिडी 4 मीटर उंचीवर टेकते हे कळते. मनोऱ्याच्या बाबतीत मात्र कर्ण मोजणे अशक्य असते. तेथे टॅन गुणोत्तर (कोनासमोरची बाजू भागिले कोनालगतची, कर्ण नसलेली बाजू) उपयोगी पडते: पायथ्यापासून 20 मीटरवरून शेंड्याचा उन्नत कोन (वर पाहताना नजरेची रेषा आडव्या रेषेशी करते तो कोन) 60 अंश भरल्यास डोळ्याच्या पातळीपासून वरची उंची 20 × टॅन 60°, म्हणजे सुमारे 34.6 मीटर येते, आणि तीत निरीक्षकाच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवावी लागते. कोन मोजताना एका अंशाची चूक झाली, तरी हे उत्तर जवळजवळ दीड मीटरने बदलते; म्हणून शक्य तेथे मागे सरकून कोन 45 अंशांच्या जवळ आणावा.