साइड रॅक: आठ महिने, साडेनऊ हजार किलोमीटर आणि एक तडा

माळशेज उतरताना डावीकडून टक् टक् आवाज येत होता. बॅगेत स्टोव्ह हलतोय असं समजून मी कानाआड केलं. टोकावड्याला चहाला थांबलो, सहज मोटरसायकलच्या बाजूला बॅग अडकवायच्या रॅकला हात लावला, तर त्याचा मागचा पाय लटपटत होता. वेल्डच्या कडेला केसाएवढा तडा आणि त्यातून ओघळलेली गंजाची तांबूस रेघ. म्हणजे तडा आजचा नव्हता, मला आज दिसला एवढंच.

रॅक घेऊन तेव्हा चारच महिने झाले होते. गाडी साडेतीनशे सीसीची, सिंगल सिलिंडर. ठाण्यात रोजचं घोडबंदर, सुट्टीला नाशिक किंवा माळशेज. एका बाजूला आठ किलोपेक्षा जास्त सामान कधीच टाकलं नाही. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं: ओव्हरलोड केलं असणार.

वागळे इस्टेटमधल्या एका वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो आणि जाड पट्टी मारून द्या म्हटलं. त्यांनी आधी वरचा बोल्ट बोटांनी फिरवला. फिरला! "अहो, हा सैल झाला, म्हणून तो तुटला. पट्टी मारली तर पट्टीच्या टोकाला तुटेल."

हिशेब सोपा आहे. चार हजार आरपीएमला पिस्टन मिनिटाला चार हजार वेळा वर-खाली होतो, म्हणजे तासाला दोन लाख चाळीस हजार हिसके. तीनपैकी एक आधार सैल पडला की हे सगळे हिसके उरलेल्या दोघांवर येतात, आणि पाइप जिथे अचानक कडक होतो तिथे, वेल्डच्या काठावर, धातू थकतो. वजन निमित्तमात्र.

काकांनी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग चर घासून वेल्ड भरलं आणि मागून डाव्या-उजव्या दोन्ही रॅकना जोडणारी आडवी दांडी टाकली. माझ्या मते ही दांडी कंपनीनेच द्यायला हवी होती. चारशे रुपये घेतले.

बाकीचं घरी केलं. बोल्टचे आटे पेट्रोलने पुसले, कारण तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचं चिकट द्रावण) धरत नाही. निळं लावलं, लाल लावलंत तर सोडवताना गरम करावं लागतं. प्लास्टिकच्या पॅनेलजवळ ते अजिबात नेऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. मी इंडिकेटरचं एक कव्हर असंच घालवलं. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) नवे टाकले आणि प्रत्येक बोल्टवरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची सरळ रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटते. आता दर शनिवारी पाना न लावता दोन मिनिटांत कळतं.

त्यानंतर चार महिन्यांत एकच रेघ सरकलीय, उजवीकडची खालची. रॅक शाबूत.

फोनचा होल्डर मात्र मी काढून टाकला. मोठ्या मोटरसायकलींच्या व्हायब्रेशनने कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलने 2021 मध्ये सांगितलं होतं. माझी गाडी तेवढी मोठी नाही, पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

रॅक घ्यायचा का? घ्या, पण आडव्या दांडीचे चारशे रुपये किमतीतच धरा. नंबरप्लेट परवा कोपरी पुलावर तडकली, बरोबर बोल्टच्या भोकातून. तिला आज रबरी वॉशर लावतोय.