मोरेच्या गेटजवळची तमिळ खानावळ
5 पैकी 5. 2019 ला इंफाळवरून शंभरेक किलोमीटर घाटातून मणिपूरच्या सीमेवरच्या मोरे गावी गेलो, म्यानमारचं गेट अगदी समोर, आणि तिथे एका अक्कांची खानावळ, गरम इडली-सांबार आणि सोबत बर्मी अथो नूडल्स, वरून तळलेला कांदा नि चिंचेचं पाणी, काय चव होती राव! 1962 च्या लष्करी उठावानंतर बर्मातले (आताचं म्यानमार) धंदे सरकारजमा झाले, तिकडून निघालेली ही तमिळ माणसं, काही परत बर्मात जाताना इथेच अडकली आणि दुकानं टाकून बसली. अक्का माझ्याशी हिंदीत, गिऱ्हाईकाशी बर्मीत, नवऱ्याशी तमिळमध्ये बोलायच्या. निम्मं गिऱ्हाईक पलीकडचंच. मग 2021 ला तिकडे परत लष्कर, 2023 ला मणिपूर पेटलं, 2024 ला सीमेवरची बिनव्हिसा मुक्त ये-जा बंद करायची घोषणा. अक्कांची चूल पेटती असू दे, एवढंच वाटतं. कोणी गेलात तर अथो खाच.