केळीच्या पाण्यापाळीत पाहिलेला ‘द वाँडरिंग ज्यू’

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. मोटर चालू केली की ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवेपर्यंत दोन-दोन तास केळीच्या बांधावर नुसतं बसायचं. म्हणून मोबाईलवर १९३३ चा हा ब्रिटिश पिक्चर लावला. दिग्दर्शक मॉरिस एल्वी. हीच गोष्ट त्यानं १९२३ मध्ये मूकपटातही केली होती.

जेरुसलेममध्ये क्रूस घेऊन चाललेल्या येशूवर मटाथियस नावाचा ज्यू थुंकतो आणि ‘मी परत येईपर्यंत तू वाट बघशील’ हा शाप ओढवून घेतो. म्हणजे तोवर त्याला मरण नाही. रावेरकडच्या माणसाला हे नवीन नाही. बऱ्हाणपूरला जाताना आजी हटकून अशीरगडाचा विषय काढायची. तिथं अश्वत्थामा अजून येतो, कपाळाच्या जखमेला तेल मागतो. पण या मटाथियसच्या अंगावर साधा ओरखडा नाही. उंची कपडे, पैसा, बायको, पोरगं. मग शेकडो वर्षांनी, इटलीतल्या पालेर्मोत, पोराला साप चावतो. मरण मागणारा बाप जिवंत आणि पोरगं गेलं! तिथं मी पिक्चर थांबवला आणि आधी बॅटरी मारून पायाखालचं बघून घेतलं.

अँटिओकमधला सरदारांच्या झुंजीचा भाग पुढे ढकललात तरी चालेल. मुळात टेंपल थर्स्टनचं नाटक, त्यामुळे सगळे उभं राहून भाषण केल्यासारखं बोलतात. आवाजही खरखरीत. मोटरच्या घरघरीत अर्धं कळेना, शेवटी कानात इयरफोन घातले.

तेच नडलं. स्पेनमधल्या सेव्हिलचा भाग सुरू झाला होता. इथं तो गोरगरिबांचा डॉक्टर. पेगी अ‍ॅशक्रॉफ्टचा हा पहिला पिक्चर, पण मटाथियस झालेल्या कॉनराड फाईटसमोर ती कुठं कमी पडत नाही. धर्माच्या न्यायालयापुढे फाईट हळू, थकल्या आवाजात बोलतो, आणि ओरडणारे न्यायाधीशच लहान दिसायला लागतात. ज्यूंना हिणवायला वापरलेली ही जुनी कथा इथं त्यांच्या बाजूनं वळते. फाईटची बायको ज्यू होती आणि त्याच साली त्यानं जर्मनी सोडली, हे माहीत असलं की ती चौकशी नाटकातली राहत नाही.

चिता पेटली, पिक्चर संपला, इयरफोन काढले तर सगळीकडे चिडीचूप. मोटर कधीच ट्रिप झालेली.

पाचपैकी साडेतीन. सकाळी भाऊ विचारत होता, शेवटच्या व्हॉल्व्हची केळी कोरडी कशी?